ओळ देणाऱ्याचा चौरंग

मित्रांनो, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे सगळेच बघतात. मी मात्र आयुष्यभर टाचा ऐकल्या. मी एक जुना चौरंग आहे, अक्रोडाच्या लाकडाचा, आणि माझा एक पाय अर्धे बोट आखूड आहे. माझ्या पाठीवर हात फिरवलात तर दोन गुळगुळीत खळगे लागतील. ते पाद्रीबाबा झेबुलन स्प्रोल यांच्या टाचांनी पाडले. त्या टाचा वॉशिंग्टनला जायला निघाल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर मीही. आम्ही का पोचलो नाही, तेच आज सांगायचे आहे.

माझे झाड अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हॅकबेरी ओढ्याच्या काठावर उभे होते. ते वीज पडून कोसळले आणि आशेर पेनिक्सने त्याचे लाकूड घरी नेले. आशेर पिंपे बनवायचा आणि आमच्या प्रार्थनाघराचा डीकनही होता, म्हणजे पाद्रीबाबांचा उजवा हात. मला बनवायचे कारण सरळ होते. पाद्रीबाबांची उंची पाच फुटांना दोन बोटे कमी, आणि प्रार्थनाघरातले व्यासपीठ आधीच्या ताडमाड पाद्र्याच्या मापाचे. बाबा त्याच्यामागे उभे राहिले की केसांचा एक झुबका तेवढा वर दिसायचा. एकदा परगावच्या एका पाहुण्याने घरी जाऊन सांगितले म्हणे, की हॅकबेरीला व्यासपीठच बोलते आणि फार छान बोलते.

आशेरने एका दुपारात मला घडवले. त्याच्या हातांना गोल वस्तूंची सवय, त्यामुळे एक पाय आखूड राहिला. कोणी हसले की तो म्हणायचा, "पिंपाला पाय नसतात, त्याला मी काय करू?" मग त्याने जुन्या बुटाच्या तळव्याचा एक तुकडा माझ्या त्या पायाखाली ठोकला आणि मी उभा राहिलो.

आता आमच्या गाण्याची रीत सांगतो. प्रार्थनाघरात गीतांचे पुस्तक एकच होते, आणि त्याची पहिली चाळीस पाने वासराने खाल्ली होती. उरलेली पाने वाचू शकणारी माणसे चार. पण पाद्रीबाबांना सगळी गीते पाठ. ते एका श्वासात, सुरात, भरभर एक ओळ द्यायचे. मग सगळी मंडळी ती ओळ झेलायची आणि सावकाश, डुलत डुलत, जो तो आपल्या गळ्याच्या वळणाने गात जायचा. डोंगरातला झरा सपाटीवर येऊन पसरावा, तसे ते गाणे पसरायचे. एवढे पसरून झाले की बाबा पुढची ओळ द्यायचे. प्रवचनाचेही तेच. सुरुवात साध्या बोलण्यात व्हायची, पण पाव तासात शब्दांना चाल लागायची, वाक्यांच्या शेवटी मंडळींचा हुंकार यायचा, आणि मग पाद्रीबाबांच्या टाचा माझ्या पाठीवरून हळूच वर उचलल्या जायच्या. तो क्षण आला की मला माझे वजनही जाणवत नसे. मी लाकूड आहे, मला धर्मातले काय कळणार. पण देव त्या घरात यायचा तो त्याच वेळी यायचा, एवढे मी शपथेवर सांगेन.

त्या सवयीची एक गंमत ऐका. एका जानेवारीत प्रवचन रंगात आले असताना गार वारा आत घुसला. पाद्रीबाबा चालीतच म्हणाले, "दार लावा, वारा येतोय." सगळ्या मंडळींनी डोळे मिटून, फार गोड सुरात गायले, "दार लावा, वारा येतोय." दार कोणीच लावले नाही.

पहिल्या बाकावर तिर्झाआजी बसायची. वय चौऱ्याऐंशी, डोळे गेलेले, कान मात्र सशाचे. पाद्रीबाबा शेजारच्या घरात रांगत होते तेव्हा तिनेच त्यांना मांडीवर घेऊन सूर धरायला शिकवले होते. त्यामुळे सगळा गाव त्यांना पाद्रीबाबा म्हणायचा आणि ती म्हणायची झेब. तिची एकच इच्छा होती. तिला मातीत ठेवताना ओळ झेबने द्यावी. या इच्छेची आठवण ती दर रविवारी, प्रकृती उत्तम असताना, न चुकता करून द्यायची.

सगळे बरे चालले असताना एका वसंतात तीन घोडेस्वार गृहस्थ आले. आमच्या ओढ्यावर पूल नव्हता, टपालाचा रस्ता वीस मैल लांबून जायचा, आणि याची दाद वॉशिंग्टनलाच लागणार होती. आपल्या राज्याच्या सभेत धर्मोपदेशकाला बसायला कायद्याने बंदी होती. पण राष्ट्राच्या सभेच्या दारावर तशी पाटी नाही, असे त्या गृहस्थांनी शोधून काढले होते. तेव्हा त्या सभेच्या निवडणुकीला बाबांनी उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. पाद्रीबाबांनी आधी नाही म्हटले. मग बोलता बोलता त्यांतला एक सहज म्हणाला, की वॉशिंग्टनला सभासद सगळे एकदम ओरडतात आणि कोणी कोणाचे ऐकत नाही. हे मात्र पाद्रीबाबांच्या मनाला फार लागले.

ते घरात जाऊन बायकोला म्हणाले, "कझाया, त्या बिचाऱ्यांना ओळ देणारं कोणी नसेल."

कझायाबाई ताक घुसळत होत्या. त्यांनी रवी थांबवली. "अहो, ती गाणारी माणसं नाहीत, भांडणारी आहेत. आणि तुम्ही तिकडे गेलात तर इथे ओळ कोण देणार?"

"आशेर देईल."

कझायाबाईंची रवी बराच वेळ जोरजोरात फिरली, आणि त्या दिवशीचे लोणी नेहमीपेक्षा लवकर निघाले.

माझे मनातले सांगू का, मित्रांनो? मी फुगून गेलो होतो. संगमरवरी सभागृहात मी मखमलीवर उभा आहे, माझ्या पाठीवर पाद्रीबाबा, आणि समोर सगळे राष्ट्र ओळ झेलते आहे, अशी चित्रे मी रंगवत होतो. आखूड पायाचे तिथे कोणाला काही वाटेल का, एवढीच मला काळजी होती.

समोरचा उमेदवार होता कर्नल बेराया टॉमलिन. उंची सव्वासहा फूट, मिशा पिळलेल्या, मन मोकळे. तो प्रत्येक सभेला व्हिस्कीचे पिंप घेऊन यायचा. आमच्याकडे कझायाबाईंच्या ताकाचे पिंप असायचे. दोन्ही पिंपे आशेरनेच बनवलेली. जुलैच्या उन्हात माणसे आधी कर्नलच्या पिंपाकडे जायची, मग डोके हलके झाले की आमच्या झाडाच्या सावलीत ताक प्यायला यायची आणि आयती आमच्या भाषणात सापडायची. पाद्रीबाबा सुरुवात करायचे मिठावरच्या करापासून. दहाव्या मिनिटाला कराला चाल लागायची. एका सभेत मते मागता मागता त्यांनी सात जणांना पश्चात्तापाने रडवले. त्यांतले पाच कर्नलचे होते, आणि रडून झाल्यावरही ते कर्नलचेच राहिले.

एका एकत्र सभेत कर्नलला थट्टा करायची लहर आली. पाद्रीबाबांच्या पायाखालचा आधार काढला तर ते किती उरतात ते बघू, असे म्हणत तो स्वतः माझ्यावर चढला. माझ्या आखूड पायाखालचा चामड्याचा तुकडा नेमका सकाळीच निखळला होता. मी मुद्दाम काही केले नाही, पण कर्नल ताकाच्या पिंपात बसला, कमरेपर्यंत. पाद्रीबाबांनी धावत जाऊन त्याला हात दिला आणि म्हणाले, "कर्नल, बाप्तिस्मा पाण्यात घ्यायचा असतो." सगळ्यांत मोठ्याने हसला तो कर्नलच. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती झाली. निवडणूक तेवढी चालू राहिली.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट फक्त मला माहीत होती. गावोगावच्या त्या सभांमध्ये पाद्रीबाबांच्या टाचा एकदाही उचलल्या गेल्या नाहीत. जमलेल्या टाळ्यांच्या खाली त्या माझ्या पाठीत रुतून बसायच्या. पण चौरंगाला कोण विचारतो?

इकडे हॅकबेरीला, हे मी मागाहून ऐकले, सहा रविवार आशेरने ओळ दिली. पहिल्या रविवारी त्याने सूर इतका वर धरला की चाल छपराला टेकली. वरपर्यंत तिर्झाआजी आणि दारातला एक कुत्रा एवढेच पोचले. पुढच्या रविवारी त्याने सावधगिरीने इतका खाली धरला की लोकांना वाटले, त्याचे पोट दुखते आहे. सहाव्या रविवारी ओळ देऊन तो थांबला, आणि ती झेलायला कोणीच तोंड उघडले नाही. माणसे मान खाली घालून बसून राहिली. तीस वर्षांत ते घर पहिल्यांदा गाण्यावाचून रिकामे झाले.

त्या दुपारी तिर्झाआजीने पाद्रीबाबांना बोलावून घेतले. ते दौऱ्यावरून थेट गेले, मला बगलेत मारून, आणि तिच्या अंगणात माझ्यावर बसले. ते माझ्यावर कधी बसत नसत.

"झेब, ती तुमची सभा किती दिवस चालते रे?"

पाद्रीबाबा म्हणाले, सगळा हिवाळा, आणि कधीकधी वसंतापर्यंतही.

"म्हणजे थंडीत तू इथे नसणार. आणि म्हातारी माणसं थंडीतच जातात."

"आशेर आहे की, आजी."

"आशेरच्या ओळीवर मी खड्ड्यात उतरणार नाही. काठावर बसून राहीन. मग काय करायचं ते तुम्ही बघा."

पाद्रीबाबा हसले. तिर्झाआजी हसली नाही. ती म्हणाली, "मी काही वॉशिंग्टनच्या सवडीनं मरणार नाही, झेब."

पाद्रीबाबांनी त्या तीन गृहस्थांना शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द परत घेणारा तो माणूस नव्हता. मग तिचा हात धरून त्यांनी हलकेच एक जुनी ओळ दिली. तिने ती झेलली. अंगणात दोघेच गात होते, आणि बसल्या बसल्या पाद्रीबाबांच्या टाचा मातीवरून उचलल्या गेल्या. माझी मखमल त्या दुपारीच फाटली, मित्रांनो. मला कळले की हा माणूस निवडून आला तर आतून अर्धा होईल, आणि हॅकबेरी मुकी होईल. पण वेळ निघून गेली होती.

ऑगस्टात निवडणूक आली. तेव्हा कागदाच्या चिठ्ठ्या नव्हत्या. कचेरीच्या पडवीत शेरीफ बसायचा, शेजारी कारकून, आणि दोन्ही उमेदवार खुर्च्यांवर. मतदाराने पुढे येऊन सगळ्यांदेखत मोठ्याने नाव घ्यायचे. तोंडातून निघाले ते कागदावर चढले. असे तीन दिवस. शिष्टाचार असा, की उमेदवाराने स्वतःचे मत समोरच्याला द्यायचे. कर्नलने पहिल्याच सकाळी कमरेत वाकून पाद्रीबाबांचे नाव घेतले आणि टाळ्या मिळवल्या. पाद्रीबाबांनी आपले मत राखून ठेवले. आपली मंडळी आली की त्यांच्यादेखत द्यावे, आपला मोठेपणा त्यांनी बघावा, एवढी हौस त्यांना होती. त्या एका हौसेने पुढचे सगळे घडवले.

मंडळी मात्र येईनात. डोंगरात वळवासारखा पाऊस झाला आणि हॅकबेरी ओढा दोन दिवस दुथडी भरून वाहत राहिला. तिसऱ्या दिवशी सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला तेव्हा चिखलाने माखलेल्या गाड्या कचेरीसमोर आल्या. मत असलेले पुरुष एकतीस. बरोबर बायका, आणि आशेरच्या गाडीत गवतावर बसवलेली तिर्झाआजी. इतर कचेऱ्यांवरून घोडेस्वारांनी आणलेले आकडे अगदी बरोबरीचे होते. इथे कर्नल एकोणीस मतांनी पुढे होता. एकतीस मते पडली की पाद्रीबाबा वॉशिंग्टनला गेलेच.

शेरीफ घाईत होता. सूर्य बुडाला की मतदान संपायचे. तो म्हणाला, "पाद्रीबाबा, तुमचं मत राहिलंय, ते आधी द्या. मग तुमच्या मंडळींचं घेतो."

मला पडवीच्या मध्यावर ठेवण्यात आले. पाद्रीबाबा चढले. त्यांनी कर्नलकडे बघून मान लववली आणि तोंड उघडले. आवाज निघेना. तीन दिवस बोलून घसा पार बसला होता. त्यांनी खाकरून पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आली. आता बोलताना बसणारा त्यांचा आवाज गाताना उठायचा, हे त्यांना चांगले ठाऊक होते. मग त्यांनी दर रविवारी करायचे तेच केले. श्वास घेतला, सूर धरला, आणि भरभर, शेवट वर उचलून म्हणाले,

"कर्नल बेराया टॉमलिन."

पडवीत एकतीस टोप्या डोक्यावरून खाली आल्या. आणि मंडळींनी ओळ झेलली.

काय गायले म्हणून सांगू! कर्नल हा एवढासा शब्द त्यांनी ओढ्याच्या पुरासारखा पसरवला. बेरायाच्या मधल्या अक्षरावर आशेर खर्जात उतरला, बाहेरून बायकांनी सूर वर उचलला, आणि टॉमलिनवर असे काही वळण घेतले की खुंटाला बांधलेले घोडे माना हलवू लागले. सहा रविवारांची भूक होती ती. स्वतः कर्नल खुर्चीवरून उठला आणि कोणाच्या सन्मानार्थ ते न कळता त्यानेही टोपी काढली. कारकून एकेकाला नावानिशी ओळखत होता. त्याने शांतपणे एकतीस नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे कर्नलचे नाव घातले.

गाणे संपले. आशेरने तोंडावर हात ठेवला.

शेरीफ भला माणूस होता. तो म्हणाला, "मंडळी, हे गाणं होतं की मत होतं? गाणं होतं म्हणालात तर खोडतो. पण लवकर सांगा."

कर्नलही म्हणाला, "खोडा, शेरीफ. पाद्रीबाबांनी मोठेपणा करावा आणि मी त्याचा फायदा घ्यावा, हे बरं दिसत नाही."

सगळे पाद्रीबाबांकडे बघू लागले. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. खरं असेल ते आपापलं सांगा. या वेळी मी ओळ देणार नाही."

आशेर टोपी चुरगाळत पुढे आला. "निघालं ते सवयीनं निघालं. रस्ताभर मी तुमचंच नाव घोकत आलो होतो, पाद्रीबाबा." त्याने टोपी सरळ केली. "पण गाऊन झाल्यावर छातीवरचा दगड उतरला, तेही खरं. सहा रविवार मी ओळ दिली. सातवा माझ्याच्यानं होणार नाही."

बाहेरून, गवताच्या गाडीतून तिर्झाआजीचा आवाज आला. "शेरीफ, बायकांचं मत घेत नाहीत, ठाऊक आहे मला. पण गायले मी पण. आणि मी मनापासून गायले."

शेरीफने एकतीस जणांकडे बघितले. "खोडू?"

तीस वर्षे समोर आलेली प्रत्येक ओळ झेलणाऱ्या त्या माणसांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. कोणी बुटावरचा चिखल बघत होते, कोणी छप्पर. सूर्य गेला. कारकुनाने वही मिटली. पाद्रीबाबा एक्कावन्न मतांनी पडले, स्वतःचे धरून.

पाद्रीबाबा माझ्यावर तसेच उभे होते, मान खाली, डोळ्यांत पाणी. लोकांना वाटले, माणूस खचला. कर्नल धीर द्यायला पुढे आला. पण खरे काय ते मला माहीत होते. दोन्ही टाचा माझ्या पाठीवरून उचलल्या गेल्या होत्या, चांगल्या बोटभर.

कझायाबाई ओच्याला हात पुसत आल्या. "अहो, उतरा आता. ताक संपलं."

पुढचे थोडक्यात सांगतो. पूल कर्नलने मंजूर करून आणला. जरा वाकडा झाला, पण झाला. दर उन्हाळ्यात तो आमच्या प्रार्थनाघरात येऊन शेवटच्या बाकावर बसायचा आणि म्हणायचा, ज्यांनी मला गाऊन निवडून दिलं त्यांना तोंड दाखवायला नको का? गात मात्र नसे. आपला आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी आहे, हे त्याला माहीत होते. आणि त्याच थंडीत जायला निघालेली तिर्झाआजी पुढे नऊ वर्षे जगली. या नऊ वर्षांत तिने पाद्रीबाबांना एक दिवसही ओढ्यापलीकडे मुक्काम करू दिला नाही. आज बरं वाटत नाही, असे ती सकाळी कळवायची आणि संध्याकाळी त्यांनाच विचारायची, जेवायला काय आहे.

शेवटी ती गेली ती भर जूनमध्ये, फुले असताना. खड्ड्याच्या काठावर ओल्या मातीत मला ठेवले. पाद्रीबाबा चढले. त्यांचा आवाज तोवर पिकून गेला होता. त्यांनी तिची आवडती ओळ दिली, तिनेच त्यांना मांडीवर शिकवलेली. ओळ गेली, आणि कोणी झेलली नाही. आशेरने तोंड उघडले, पण त्यातून हुंदकाच आला. ती ओळ तशीच हवेत राहिली. माझ्या पाठीवर पाद्रीबाबांच्या टाचा थरथरू लागल्या.

तेव्हा सगळ्यांच्या मागून एक बिजागरी करकरली. कर्नल बेराया टॉमलिन टोपी छातीशी धरून, डोळे मिटून, एकटाच ती ओळ गात होता. सूर चुकीचा होता, चालही जवळपास चुकीचीच होती. पण त्याने ओळ खाली पडू दिली नाही. मग आशेर त्याला मिळाला, मग कझायाबाई, मग सगळे. आणि टाचा उचलल्या गेल्या.

पाद्रीबाबा जाऊन आता खूप वर्षे झाली. नवा पाद्री उंच आहे आणि गीतांची छापील पुस्तके बाकाबाकावर आहेत, त्यामुळे ओळ द्यावी लागत नाही. काही दिवस माझ्यावर कोंबडीने अंडी उबवली. तिची तक्रार नाही. आता मी लाकडांच्या खोपटात आहे. पायाखालचा बुटाचा तुकडा केव्हाच गेला. रविवारी भिंतीपलीकडून गाणे ऐकू येते. चांगले गातात. मी माझ्या परीने मागे मागे म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा डुगडुगता चौरंग असेल. त्याला जळणात टाकण्याआधी पाठीवर हात फिरवून बघा. कोणाच्या टाचांचे खळगे लागले तर पायाखाली चामड्याचा एक तुकडा द्या. तेवढे त्याला पुरते. आणि कोणी गहिवरल्या गळ्याने ओळ दिली, तर आवाज कसा का असेना, तेवढी झेला.

माझे मागणे याहून लहान आहे. खोपटाचे दार कोणीतरी उघडे ठेवून गेले आहे आणि पाऊस माझ्या आखूड पायापर्यंत येतो. म्हणून माझ्या मालकांच्याच चालीत सांगतो: दार लावा, वारा येतोय.

नुसते गाऊ नका हं. लावा.